येल्लेची भांडी

डेव्हेंटर, ४ मार्च १९९१

ती. वन्संना हिन्केचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली राय-धान्याची पाव-लादी पोचली. येल्लेला जाऊन नऊ आठवडे झाले. मी बरी आहे. जेवण दोघांचं होतं आणि दोन दिवस पुरतं, एवढंच.

आज एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. इथल्या संग्रहालयातल्या टर्पस्ट्राबाई भांडी बघायला आल्या होत्या. एकशे छत्तीसच्या एकशे छत्तीस त्यांनी उचलून पाहिली. कॉफीचा दुसरा कप तसाच गार झाला. म्हणाल्या, पन्नास-साठच्या दशकात सगळा देश चकचकीत टी-सेट घेत होता, आणि एक भूगोलाचा मास्तर सायकलवरून कुंभारांच्या शेडवर जाऊन हे खडबडीत मातीचं काम आणत होता, अशी नजर मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. मी बिस्किटांचा डबा पुन्हा पुढे केला.

संग्रहालय एक पूर्ण खोली देणार आहे, येल्लेच्या नावाची. अट एकच. प्रत्येक भांडं कोणी, कुठे, कधी घडवलं ते नक्की माहीत पाहिजे. त्या वेळचे बरेच कुंभार तळाशी खूण करत नसत, पण येल्लेने प्रत्येकाखाली शाईने लिहून चिठ्ठी चिकटवलेली आहे. वेगळी यादी त्याने केली नाही. वही हरवते, भांड्याची बैठक कुठे जात नाही, म्हणायचा. बाई आठ एप्रिलला चिठ्ठ्या उतरवून घ्यायला येतील.

तुम्हालाच पहिलं कळवते आहे. माया आहे, ती तशीच असू द्या.

तुमची,
हिन्के

विन्सम, ९ मार्च १९९१

प्रिय हिन्केस अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा शेजारणीला आणि एकदा पोस्टमनला, तो घाईत होता तरी. भूगोलाचा मास्तर कोण, तर माझा धाकटा भाऊ!

पहिलं भांडं त्याने घरी आणलं तेव्हा बाबा म्हणाले होते की पोराने कुंडी आणली आणि तीही बिनभोकाची. सगळ्यात मोठ्याने मी हसले होते. आता बाबा नाहीत, म्हणून त्यांच्या वाटची लाज मीच बाळगते.

आणि एका बिस्किटावर डबा मिटणारी तू, पाहुणीपुढे तो दुसऱ्यांदा उघडलास? येल्लेला सांगितलं असतं तर त्याने आधी कॅलेंडर बघितलं असतं, आज कोणाचा वाढदिवस म्हणून.

आता एक कर. ईस्टरच्या आधीची मोठी साफसफाई तू करशीलच, त्यात भांडीही घे. तीस वर्षांचा पाइपचा धूर बसलाय त्यांच्यावर. संग्रहालयात जाणार आहेत, आमच्या घराण्याच्या नावाने. लख्ख दिसली पाहिजेत.

गुडघे म्हणतात पुरे. सांभाळून राहा आणि या म्हातारीला लिहीत जा.

वुब्बिना

डेव्हेंटर, २२ मार्च १९९१

ती. वन्संना सा. न. वि. वि.

माझ्या हातून वाईट झालं आहे.

मंगळवारी सकाळी न्हाणीतला टब आणि कपड्यांच्या दोन्ही बादल्या गरम पाण्याने भरल्या, सोडा टाकला आणि भांडी बुडवून ठेवली. धुराचा थर नुसत्या फडक्याने निघत नव्हता. मग बाजारात गेले, तिथून चर्चची फुलं बदलायला गेले. दुपारी आले तर पाणी निळं झालेलं. चिठ्ठ्या सुटून तळाशी लापशीसारख्या बसल्या होत्या. एकही अक्षर राहिलं नाही.

ज्यांच्या बुडाशी कुंभाराने खूण आणि साल कोरलं आहे त्यांची काळजी नाही. पण बावन्न भांडी बिनखुणेची आहेत. ती आता कोणाचीच नाहीत. येल्लेचं तीस वर्षांचं काम मी एका सकाळीत धुऊन टाकलं. बाईंना कळवावं लागेल. मग कसली खोली आणि कसलं नाव.

रागावलात तरी पत्र लिहा.

हिन्के

विन्सम, २५ मार्च १९९१

प्रिय हिन्केस आशीर्वाद.

लख्ख करायला मी सांगितलं, त्यामुळे निम्मा दोष इकडे पाठवून दे. रडून झालं असेल तर पुढचं वाच.

दर शुक्रवारी ती भांडी कोण पुसायचं? तू. आणि येल्ले खुर्चीत पाइप ओढत एकेका भांड्याचं पुराण लावायचा. हे कोणाचं, तिथे पाऊस कसा होता, झिलईत राख किती. मी तुमच्याकडे राहायला आले की तिसऱ्या भांड्याला मला डुलकी लागायची. तू त्याला म्हणायचीस की पाय वर घे, खाली पुसायचंय. तू ऐकत नाहीस असं त्याला वाटायचं, मलाही वाटायचं. पण बाई गं, तू उभी होतीस. उभ्याने कोणी झोपत नाही.

पडदे ओढ, डोळे मीट आणि एक भांडं उचल. काय होतं ते कळव. आठ तारखेपर्यंत बाईंना एक शब्द सांगू नकोस.

वुब्बिना

डेव्हेंटर, १० एप्रिल १९९१

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पडदे ओढले नाहीत, शेजारी काय म्हणतील. पण डोळे मिटले. हाताला कळलं. वजन, बैठकीची कड, बोट कुठे अडतं ते. आणि प्रत्येकाबरोबर येल्लेचा आवाज. बावन्न चिठ्ठ्या मी माझ्या अक्षरात लिहिल्या.

टर्पस्ट्राबाईंना मात्र खरं ते आधीच कळवलं, क्षमा करा. त्या म्हणाल्या की नुसत्या आठवणीवर नाव लावता येत नाही, पडताळा हवा. म्हणून येताना फेल्युव्हेकडच्या एव्हर्ट क्लावर यांना घेऊन आल्या. वय त्र्याऐंशी, त्या पिढीच्या कुंभारांतले हयात असलेले एकटेच. त्यांच्या शेडवरची म्हणून मी सात भांडी पुढे ठेवली.

सहा त्यांनी नुसता अंगठा फिरवून मान्य केली. सातवा करडा वाडगा मात्र बाजूला सारला. इतकी पातळ कड मी जन्मात काढली नाही, म्हणाले, या घरच्या बाईंची काहीतरी गफलत आहे. टर्पस्ट्राबाईंनी पेन खाली ठेवलं. एक चुकलं की बावन्नच्या बावन्न संशयात.

मी माघार घेणार होते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पण वाडगा हातात घेतला आणि मला खात्री होती. मी त्यांना सांगितलं की हा तुमच्या भट्टीतला आहे, तुमच्या हातचा नाही. येल्लेच्या चिठ्ठीवर नाव रूली क्लावर होतं. अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात येल्ले आला तेव्हा तुम्ही लाकडं आणायला गेला होता, आणि तुमच्या बायकोने तो त्याला दिला. चाकावर तिने बसलेलं तुम्हाला खपत नव्हतं, म्हणून सांगू नका म्हणाली होती.

क्लावर यांनी वाडगा मांडीवर घेतला. कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, एकदा तिला चाकावर पाहिलं होतं. मी तिला म्हटलं, एवढं पातळ भट्टीत टिकायचं नाही, उगाच माती वाया घालवू नकोस. ती गेली त्यालाही अकरा वर्षं झाली, आणि तिचं एकही भांडं माझ्याकडे नाही.

वाडगा त्यांनी न्यावा असं मी सुचवलं. ते नको म्हणाले. लोकांनी बघितला पाहिजे म्हणाले, फक्त नाव तिचं लावा.

उरलेल्या पंचेचाळिसांबद्दल टर्पस्ट्राबाईंनी मला काही विचारलं नाही. सांगेन ते लिहून घेत गेल्या.

येल्लेने हे सगळं मला सांगून ठेवलं होतं, वन्सं. मी फक्त कधी म्हटलं नाही की ऐकते आहे.

हिन्के

डेव्हेंटर, १५ सप्टेंबर १९९१

ती. वन्संना सा. न. वि. वि.

गुडघ्यांमुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून लगेच लिहिते. काल खोली उघडली. दारावर येल्लेचं नाव मोठ्या अक्षरात आहे. क्लावर नवा कोट घालून आले होते आणि सबंध दुपार त्या करड्या वाडग्याशेजारी उभे राहिले. येईल त्याला सांगत होते की ही माझी बायको.

गर्दीत एका गृहस्थांनी एक भांडं दाखवून विचारलं की याच्याखाली तर काही खूण नाही, मग हे कोणाचं ते ठरवलं कोणी? पहारेकऱ्याने माझ्याकडे बोट केलं. त्यांनी मला विचारलं की आपण कोण.

मी येल्ले हूकस्ट्राची बायको, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण म्हटलं, मी ही भांडी ओळखते. विचारा.

त्यांनी विचारलं, वन्सं. संग्रहालय बंद होईपर्यंत विचारत होते.

गुडघे बरे झाले की या. एकेक दाखवीन, आणि या वेळी तुम्हाला खुर्ची मिळणार नाही.

तुमची,
हिन्के