मेणाची वडी

बाबा, आईनं अखेर ती मेणाची वडी देवघरातून काढून माझ्या हातात दिली. तुम्हाला ती ठाऊक नसणार. टॉन्सिलपाशी असलेल्या तुमच्या गाठीचा जो तुकडा तपासणीसाठी काढला होता, तो टिकावा म्हणून मेणात बसवून ठेवतात. तुम्ही गेल्यावर दवाखान्यानं कागदांबरोबर ती वडीही घरी दिली. अस्थी आम्ही शिवनाथ नदीत सोडल्या, पण वडीची वेळ आली तेव्हा आई अडून बसली. "हे बी त्याइचंच आंग होय. कसं फेकाचं?" तिनं ती लाल फडक्यात बांधली आणि बाळकृष्णाच्या मागे ठेवली. पितृपक्षात तुमच्या तिथीला ती बाहेर काढायची, गंध लावायची, काळे तीळ वाहायची, नैवेद्याच्या पानाशेजारी ठेवायची. दिव्याच्या आचेनं तिचा एक कोपरा वितळून बसला होता. मी प्रयोगशाळेत दिवसभर अशाच वड्या कापतो, पण आमच्या देवघरातली वडीही कापण्यासारखी आहे, हे कधी मनातच आलं नव्हतं.

गावची शाळा संपवून मी भिलाईला तुमच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, त्यानंतर थोड्याच वर्षांत तुमच्या मानेवर गाठ आली, मूळ घशात टॉन्सिलपाशी होतं. दवाखान्यातला तो दिवस मला अजून दिसतो. डॉक्टर टेबलावर पेन आपटत विचारतात, "दादा, सच बताओ। खैनी? गुड़ाखू?" गुडाखू म्हणजे इकडे दाताला घासतात तो तंबाखूचा लगदा, आपल्या खुर्सीपार वस्तीतल्या प्रत्येक पानठेल्यावर त्याच्या डब्या रचलेल्या असायच्या. तुम्ही म्हणता, "नहीं साहब, कभी नहीं।" डॉक्टर हसतात. "यहाँ सब यही बोलते हैं।" तुम्ही खाली फरशीकडे पाहता आणि आई तुमच्याकडे पाहते.

त्या दिवशी क्वार्टरमध्ये परतल्यावर तिनं चहा टाकला आणि चुलीकडे तोंड करूनच विचारलं, "प्लांटमंदी खात होते न तुमी? म्हनूनच लवंग चघळत घरी येत होते."

"आरतीसाठी घेतो वं. आवाज बसते माया."

"आरती दहा दिवसाची, अन् लवंग बारा महिने!"

तुम्ही हसलात. ती हसली नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत तुमचा आवाज लागला की पेटीवाला मागे पडायचा, हे तिलाच सर्वांत जास्त कौतुकानं सांगायची सवय होती. तोच आवाज शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, उपचारांत हळूहळू गेला. तिचा प्रश्न मात्र गेला नाही. शेवटच्या दिवसांत एकदा ती चमच्यानं पाणी पाजत होती आणि पाजता पाजता पुन्हा म्हणाली, "सांगून टाका न एकडाव." तुम्ही हात हलवलात. नाही. तो हात पाण्याला नाही म्हणत होता की तिच्या प्रश्नाला, हे तिला कळलं नाही. त्यानंतर तुम्ही पाणीही घेतलं नाही.

आता आमच्या प्रयोगशाळेत घशाच्या कॅन्सरच्या वड्या आल्या की डॉक्टर एका विषाणूची तपासणी सांगतात. ज्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही अशांनाही त्या विषाणूमुळे ही गाठ होते. तसं असलं तर पुष्कळदा उपचार अधिक लागू पडतात, म्हणून माहीत करून घ्यायचं. आताच्या स्मृति नगरच्या घरी, मेथी निवडणाऱ्या आईजवळ बसून मी हे सहज बोललो. तिचे हात थांबले.

"मंग त्याइची बी होईन काय तपासनी?"

"आता कशाले आई?"

"मी त्याइच्यावर उगाच आळ घेतला काय, तेवढं मराच्या आंधी मले समजू दे."

आमच्या विभागातल्या डॉक्टर मॅडमची परवानगी घेऊन मी वडी नेली. त्यांनी ती उजेडात धरली. "ये तिल चिपका है क्या?" मी म्हटलं, "जी मॅडम, पितरों का।" त्या हसल्या नाहीत. "आराम से करो," म्हणाल्या आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या. मी जुनं मेण वितळवलं, नव्या मेणात तुमचा तुकडा बसवला, गार झाल्यावर यंत्रावर चढवला. चाक फिरवलं की मेणाची झिरझिरीत पट्टी निघते, ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून उचलायची. रोजचंच काम. पण पट्टी पाण्यावर पसरली आणि माझा हात उचलेना. शिवनाथेत तुम्ही क्षणात दिसेनासे झाला होतात. इथे थांबून राहिलात. मी मनात रामाचं नाव घेतलं आणि काच खाली नेली.

विषाणूची पहिली खूण दाखवणारा रंग गडद तपकिरी आला. पुढची तपासणी इतक्या जुन्या मेणातून होईल की नाही अशी शंका होती, पण तपासणी झाली. विषाणू होता. मॅडमनी मला जवळ बोलावून सांगितलं, "वायरस तो है। पर इससे ये मत समझना कि तंबाकू नहीं खाते थे। दोनों साथ में भी हो सकता है।" मला ते माहीत होतं. तरी मी काच पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली.

आईला विषाणूचं सांगितलं. तिनं विचारलं, "कुठून येते तो?" बाबा, पन्नाशीला आलो तरी ते सांगताना मी अंगणातल्या तुळशीकडे पाहत होतो. "मानसा-बाईच्या संबंधातून येते. लय जनाइले येते, आपोआप जाते बी. एखाद्याच्या घशात राहून जाते. कोनापासून आला, कवा आला, कोनीच सांगू शकत नाही."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हंजे मायापासून बी आला असन."

"असन बी, नसन बी."

"राहू दे. संसारातला होय तो." मग हळूच, "अन् तंबाखू?"

"नाही आई. तंबाखू नाही. तपासनीत साफ दिसून राहिलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुया बापावानीच खाली पाहून बोलतं तू." एवढंच. वडी पुन्हा फडक्यात बांधली, या पितृपक्षात शिवनाथेत सोडून ये म्हणाली. संध्याकाळी दिवा लावताना तुमच्या फोटोपुढे तिनं एक लवंग ठेवली आणि डोकं टेकवून कितीतरी वेळ उठलीच नाही.

हे पत्र वडीबरोबर पाण्यात सोडावं असं एकदा वाटलं. पण मी निघायच्या आधी आई फडक्याची गाठ पुन्हा सोडून बघणार, म्हणून ते माझ्या कपाटातच राहील. तिला मी जे सांगितलं ते कुठल्याच काचेवर नव्हतं. तुम्ही खात होतात की नव्हतात, ते मला अजूनही माहीत नाही, बाबा.