मान डोलावणारा वर्ग

२ ऑगस्ट, बुधवार
नव्या हेडबाईंची नोटीस लागली. वर्गात अनेक भाषा बोलणारी मुलं असलेल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण, दर शनिवारी. शेवटी प्रत्येकाने ट्रेनरबाईंसमोर एक तास घेऊन दाखवायचा. ज्याचा तास बरा होणार नाही, त्याचा वर्ग काढून घेणार. हे वाक्य वाचताना डोळ्यांपुढे अंधारून आलं. त्या बोर्डापाशी उजेडच कमी आहे. ट्यूबबद्दल मी मागेच लेखी कळवलं होतं.

मला प्रशिक्षणाची गरज नाही, हे इथे नमूद करून ठेवतो. बी.एससी. पोस्टाने, बी.एड. पोस्टाने, इंग्रजी थेट डिक्शनरीतून (एल अक्षरापर्यंत, पुढची गरज पडली नाही). माझ्या सातवी ब मधल्या मुलांचे आईबाप कामासाठी कुठून कुठून आलेले. घरी प्रत्येकाची भाषा वेगळी. तरी माझ्या विज्ञानाच्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येते. शेवटी विचारतो, समजलं? सगळा वर्ग मान डोलावतो. खिडकीशी बसणारी दोन वेण्यांची मुलगी सगळ्यांच्या आधी. जूनपासून तिने एकही शंका विचारलेली नाही. अत्यंत हुशार.

हा वर्ग गेला तर मी काय करायचं? असो. जाणार नाही.

५ ऑगस्ट, शनिवार
ट्रेनरबाई आमच्या थोरलीच्या वयाच्या. आल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता एका भलत्याच भाषेत शिकवायला लागल्या. फळ्यावर एक रेघ नाही. माझे तळहात ओले झाले. पंख्याखालची खुर्ची ड्रॉइंग सरांनी पटकावली होती, त्याचा परिणाम.

मध्येच त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. मी मान डोलावली. त्या पुन्हा तेच बोलल्या. मी पुन्हा डोलावली, या वेळी स्मितहास्यासह. नंतर कळलं, माझं नाव विचारत होत्या.

मग वर्कशीट. शेजारच्या शिवणबाईंकडे बघून जरा ताळा केला. तपासून कागद परत आला तेव्हा माझ्या उत्तरांच्या वर शिवणबाईंचं नाव निघालं. शिवणबाई म्हणाल्या, सर, नाव माझं लावलंच आहे तर सोमवारची ग्राउंड ड्यूटीही तुम्हीच करा.

चहानंतर तोच पाठ पुन्हा. या वेळी चित्रं, खरी तार, खरा बल्ब, आणि आपापसात आपल्या भाषेत बोलायची मुभा. विजेच्या सर्किटचा पाठ होता. मला पहिल्या वेळीच अंदाज आला होता, बोललो नाही इतकंच.

ट्रेनरबाई म्हणाल्या, आज चहाआधी तुम्हाला वाटलं, तसं तुमच्या वर्गातल्या काही मुलांना रोज वाटत असतं. पटलं. ड्रॉइंग सरांच्या वर्गात नक्कीच वाटत असणार.

८ ऑगस्ट
संकल्प: वर्गातल्या सगळ्या भाषा शिकायच्या. आठवड्याला एक. मी इंग्रजी शिकलोय, ही काय मोठी गोष्ट.

९ ऑगस्ट
भाषा तात्पुरत्या स्थगित. घसा बसलाय.

११ ऑगस्ट
वर्गाला सांगितलं, जोड्या करा, आपापल्या भाषेत बोला. बाजार भरला. मग कोपऱ्यातून हसणं. कशाला हसले? काय बोलले? मला एक शब्द कळेना आणि पाय लटपटायला लागले. (त्या फळ्यापुढची फरशी उंचसखल आहे.) स्टाफरूममध्ये जाऊन आरशात पुढून-मागून बघितलं. सगळं जागच्या जागी. पुढच्या तासाला जोड्या बंद केल्या. शांतता परतली. जीव भांड्यात पडला.

घरी सौ.ला विचारलं, माझ्यात हसण्यासारखं काय आहे? म्हणाली, कुठून सुरू करू?

१९ ऑगस्ट, शनिवार
ताप. प्रशिक्षणाला गेलो नाही. थर्मामीटर काही दाखवत नाही, जुना झालाय. सौ. म्हणाली, ताप-बीप काही नाही, तंतरलीय तुमची. या बाईला वैद्यकशास्त्रातलं काडीचं कळत नाही.

२६ ऑगस्ट
सोमवारी माझा तास. विषय निवडला: सर्किट. लाकडी बोर्ड स्वतः रंधा मारून तयार केला, स्विच पितळी, तारा लाल-काळ्या. अजिबात भीती नाही. जेवण गेलं नाही, कारण भाजीत मीठ जास्त होतं. सौ. म्हणते, घातलंच नव्हतं.

२८ ऑगस्ट, सोमवार
घडलं तसं लिहितो.

शेवटच्या बाकावर ट्रेनरबाई आणि हेडबाई. मी बल्ब लावून दाखवला. सगळा पाठ न थांबता, एका दमात. खडू सारखा मोडत होता (हलका माल). शेवटी विचारलं, समजलं? सगळ्या माना डोलल्या. मी खडू खाली ठेवला.

तेवढ्यात ट्रेनरबाई म्हणाल्या, सर, एखाद्याला त्याच्या घरच्या भाषेत बोलू द्या ना.

मी सगळ्यांत खात्रीचं माणूस निवडलं. दोन वेण्या उभी राहिली. माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं. आणि बोलायला लागली. जूनपासून पहिल्यांदा. केवढं बोलली! शेवटी काहीतरी विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी रुमालाने कपाळ पुसलं. मी मान डोलावली.

तिने पुन्हा काहीतरी विचारलं, जरा हळू आवाजात. मी पुन्हा डोलावली. स्मितहास्यासह.

ट्रेनरबाईंनी विचारलं, काय म्हणतेय ती? मी म्हणालो, बरोबर आहे तिचं.

तेव्हा तिची शेजारीण उठली. म्हणाली, सर, ती विचारत होती, तार दोन्ही टोकांना का जोडायची, एकाच तारेतून वीज का नाही येत? तिला पहिल्यापासून कळलेलं नाहीये. आणि नंतर विचारलं, सरांना बरं नाही का, पाणी आणू का?

प्रश्न उत्तम होता. उत्तर मला पाठ होतं. पण मान डोलावून झाली होती.

पाणी दोन वेण्यांनीच आणलं. निम्मं बोर्डावर सांडलं. पितळी स्विच पुसून ठेवला आहे.

४ सप्टेंबर, सोमवार
हेडबाईंनी बोलावलं. सहामाहीपर्यंत सातवी ब चं विज्ञान ट्रेनरबाई घेणार. मी वर्गात बसायचं. समजलं ना, म्हणाल्या. मी हो म्हणालो.

सौ.ला सांगितलं, निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. तिने विचारलं, खुर्चीवर बसवणार की बाकावर? मी पेपर उघडला. पण मग तिने डब्यात जास्तीची पोळी घातली.

६ सप्टेंबर
बाकाची उंची सदोष. गुडघे मावत नाहीत. जागा खिडकीशी, दोन वेण्यांच्या शेजारी.

ट्रेनरबाईंनी दोन वेण्यांच्या भाषेत सुरुवात केली (म्हणजे त्या दिवशी त्यांना सगळं कळत होतं). मी एकाग्रतेने ऐकत होतो. मग त्यांनी विचारलं, कळलं? माना एकदम थांबल्या. एकेक हात वर व्हायला लागला, शंका विचारायला. डोलली ती फक्त एक मान.

दोन वेण्यांनी माझ्याकडे बघितलं. आपलं वर्कशीट हळूच माझ्या बाजूला सरकवलं, मध्ये आडवा धरलेला हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मी उतरवून घेतलं. नाव या वेळी माझंच घातलं. दोनदा तपासलं.