डोळ्याच्या कडेने दिसलेली दीर्घिका

कार्तिक अमावास्या, मिरजगाव

कालचा फोटो उत्तम आलाय. माझी मीच म्हणतेय, पण आलाय! त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका, तिचे दोन्ही फाटे स्वच्छ उमटलेत. तरी आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपमधल्या सरांचा मेसेज डोक्यातून जात नाही. "फिकी वाटते. थोडा निळा-गुलाबी चढवा, लोकांना आवडतं." चढवू का? फार काही काम नाही त्यात.

जेवणं झाल्यावर सासूबाई स्लॅबवर आल्या. दुर्बिणीला डोळा लावून म्हणाल्या, "काय बी न्हाई." मी सांगितलं, "आत्या, सरळ बघू नका. जरा बाजूला बघा, डोळ्याच्या कडेनं." फिकं असलेलं असंच दिसतं. मला हे जमायला अख्खा हिवाळा गेला होता.

त्यांना लगेच जमलं. "दिसतंय की! पिंजलेल्या कापसागत."

"इतक्या पटकन कसं जमलं?"

"आमी मामंजींकडं असंच बघायचो. सासऱ्याकडं सरळ बघायची टाप हुती व्हय?" त्या हसल्या. मग दुर्बिणीवरचा हात न काढताच म्हणाल्या, "त्यांचं तोंड धड बघितलं ते त्यांच्या माघारी. भिंतीवरच्या फोटूत."

खाली येऊन फोटो होता तसाच ग्रुपच्या प्रदर्शनासाठी पाठवला. वर्णनात लिहिलं: पिंजलेल्या कापसासारखी, फिकी. सरांना काय वाटायचं ते वाटो. ज्यांना ती फक्त फोटोतच बघायला मिळणार, त्यांना तरी खरं तोंड दिसू दे.