नाठाळ दार

ती. आत्या,

तुला वाकून नमस्कार करायचा तर आधी टेबलाखालच्या वायरी आवराव्या लागतील. म्हणून खुर्चीतूनच करते, आणि तूही तो खुर्चीतूनच घे, गुडघ्याला त्रास नको. गुडघा कसा आहे? आई फोनवर सांगत होती की डॉक्टरांनी तुला रोज चालायला सांगितलं आणि तू त्यांना नाही म्हणालीस. (आईच्या आवाजात काळजी होती. मला हायसं वाटलं. ज्या दिवशी तू डॉक्टरांना हो म्हणशील त्या दिवशी मी रजा टाकून धावत येईन.) मांजराचं काय? तू वर्तमानपत्र उघडलंस की अजून त्यावरच येऊन बसतं का? मी बरी आहे. खोलीत सकाळी ऊन येतं, खिडकी अर्धीच उघडते, शेजारीण चांगली आहे आणि तिचा रेडिओ हळू असतो. सगळं इतकं ठीक असताना एवढं लांब पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. पुढे वाच.

मागच्या खेपेला तू विचारलं होतंस की मी ऑफिसात नेमकं काय करते, आणि मी ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून वेळ मारून नेली होती. आता नीट सांगते. आमची कंपनी लिफ्टचा मेंदू बनवते. दोर, चाकं, ब्रेक हे सगळं दुसऱ्यांचं. (वीज गेली, दोर तुटला तर लिफ्टला जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक आमच्या मेंदूला विचारत नाही. हे मी आईला दर फोनवर सांगते.) आमचा फक्त एक लहानसा कॉम्प्युटर, आणि त्यातला सगळ्यात आतला प्रोग्राम म्हणजे कर्नेल. बाकीचे प्रोग्राम घरात राहणारे, कर्नेल म्हणजे घराची भिंत. राहणारा घसरून पडला तर त्याला उचलता येतं. भिंत पडली तर उचलायला धावणाराही खालीच सापडतो. म्हणून कर्नेलची परीक्षा घेणं अवघड, कारण परीक्षक त्याच भिंतीला टेकून बसलेला असतो. नापास असं लिहायच्या आत कागद, पेन आणि परीक्षक ढिगाऱ्यात गेलेले असतात. यावर उपाय आहे. खरं यंत्र बाजूला ठेवायचं, कर्नेल माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात एखाद्या साध्या प्रोग्रामसारखं चालवायचं आणि त्याचा एकेक तुकडा सुटा काढून त्याला प्रश्न विचारायचे. पडलं तर पडलं, टेबल शाबूत राहतं. सुट्या तुकड्याला आजूबाजूचं जग लागतं, म्हणजे दार, मोटर, बटणं. ते मी खोटं पुरवते. नाटकाच्या तालमीला एखादं पात्र आलं नाही तर त्याचे संवाद कोणीतरी वाचून दाखवतं, तसं. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवी ओळ, चुकलं की लाल. हे माझं काम. यासाठीच मला घेतलं, आणि तेही तात्पुरतं.

ऑफिसात माझी गाठ दोघांशी. एक साहेब. ते आयुष्यभर लिफ्ट विकत आले, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरताना आधी इतरांना जाऊ देतात आणि मग बटण शोधतात. दुसरे पाहू. त्यांना दुसरं नाव नक्की असेल, पण कोणी काहीही विचारलं की ते ‘चालवून पाहू’ म्हणतात, म्हणून सगळे त्यांना पाहूच म्हणतात. दार सांभाळणारा कर्नेलचा भाग त्यांनी लिहिलेला आहे. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी कळलं. खाली खरी लिफ्ट उभी असताना खोटी लिफ्ट बनवायला माणूस का ठेवलाय, असं त्यांनी मलाच विचारलं, अगदी प्रेमाने, चहाचा कप पुढे करत. (आमच्या इमारतीची लिफ्ट हीच आमची प्रयोगशाळा. पोस्टमन जिन्याने येतो.) मी चहा घेतला. मी त्यांच्या भागासाठी एक खोटं दार लिहिलं. फार गुणी दार. मीट म्हटलं की मिटायचं, उघड म्हटलं की उघडायचं, उलटून बोलायचं नाही. सगळ्या ओळी हिरव्या आल्या. मी त्या छापून टेबलासमोर भिंतीवर चिकटवल्या. आता तिथे फक्त चिकटपट्टीचे कोपरे आहेत.

त्याचं असं झालं. एका इस्पितळाच्या व्यवस्थापक बाई आमचा मेंदू बघायला आल्या. घ्यायचा की नाही हे त्याच ठरवणार होत्या. साहेब, बाई आणि पाहू असे तिघं खालून लिफ्टमध्ये चढले. दार मिटता मिटता बाईंची पिशवी मध्ये आली. दार थबकलं, बाईंनी पिशवी आत ओढली, दार आपल्या स्प्रिंगने मिटलं आणि लिफ्ट डौलात वर आली. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर स्वागताला ओळीने उभे. लिफ्ट बरोबर समोर येऊन थांबली. दार उघडलं नाही. आम्ही हसतमुखाने उभे राहिलो. थोड्या वेळाने हसू आवरतं घेतलं. आतून पाहूंचा आवाज आला, बंद करून चालू करा! ते करायला गच्चीवरच्या खोलीत जावं लागतं आणि ती खोली कुलूपबंद असते. किल्ली कुठे, असं मी दाराच्या फटीतून विचारलं. साहेब म्हणाले, टेबलावर. टेबलावर नव्हती. म्हणाले, खणात. खणात दोन चष्मे आणि एक लिंबाच्या गोळ्यांची पुडी होती. म्हणाले, मग शिपायाकडे. शिपायाने शपथ घेतली. दार पहारीने उघडू का, असं कोणीतरी विचारलं, तर साहेब आतून गरजले की दार नवीन आहे, ओरखडा उठता कामा नये, आम्ही थांबतो. आणि ते थांबले. साहेब किल्लीची वाट बघत, पाहू साहेबांची नजर चुकवत. शेवटी बाईंचा शांत आवाज आला. ‘अहो, तुम्ही हललात की तुमच्या खिशात काय वाजतं?’

साहेबांच्या खिशातली किल्ली फटीतून बाहेर आली. मी गच्चीवर गेले, मेंदू बंद करून चालू केला, दार उघडलं. पाहू बाहेर येत म्हणाले, बघा, काही झालेलं नाही. बाई त्यांच्यामागून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे लिफ्टमध्ये स्ट्रेचर असतं, गच्चीवर कोण धावणार? यावर चालवून पाहू असं पाहूसुद्धा म्हणाले नाहीत. बाई मात्र चिडल्या नाहीत. दुरुस्त झालं की पुन्हा बोलवा, म्हणाल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

आत्या, काय बिघडलं ते ऐक, आणि मी हे रचून सांगत नाही. कर्नेलमध्ये दाराला एका वेळी एकानेच हात लावायचा असतो. म्हणून तिथेही एक किल्ली असते. आधी ती खुंटीवरून घ्यायची, दाराचं काम करायचं, किल्ली परत खुंटीला लावायची. खुंटीवर नसेल तर येईपर्यंत थांबायचं. दार हो म्हणालं, तर किल्ली परत लावायची ओळ पाहूंनी लिहिली होती. दार नाही म्हणालं, तर त्या वाटेवर ती ओळच नव्हती. बाईंच्या पिशवीमुळे दार आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालं. प्रोग्राम किल्ली हातात घेऊन तसाच पुढे गेला, वर पोहोचल्यावर दार उघडायला पुन्हा किल्ली शोधू लागला, खुंटी रिकामी दिसली आणि तो वाट बघत उभा राहिला. मोठ्या सभ्यपणे. साहेबांसारखाच. मी हे साहेबांना जवळजवळ याच शब्दांत समजावलं, ती माझी चूक झाली. पण त्यांना ते लगेच समजलं, हेही खरं. मग त्यांनी विचारलं, ‘तुझ्या सगळ्या ओळी हिरव्या होत्या ना?’ होत्या. ‘आणि मी आत होतो ना?’ होतात. ‘मग?’

या ‘मग’नंतर मी जागेवर येऊन भिंतीवरच्या हिरव्या ओळी उतरवल्या. माझं खोटं दार इतकं गुणी, की नाही कसं म्हणायचं ते मी त्याला शिकवलंच नव्हतं. साहेबांचं म्हणणं असं, की ज्या चाचण्यांनी हे पकडलं नाही त्या ठेवायच्या कशाला. त्यापेक्षा पाहूंनी पिशवी घेऊन रोज वरखाली करावं. सोमवारी सगळ्यांना बसवून ते चाचण्या ठेवायच्या की गुंडाळायच्या ते ठरवणार आहेत. चाचण्या गेल्या तर मी कशासाठी उरते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पण तू लगेच चष्मा काढून कपाळ चोळू नकोस, कारण खरी गोष्ट यानंतरची. मी दुसरं दार लिहिलं. नाठाळ दार. हे लगेच नाही म्हणतं. कधी अर्धं मिटून नाही म्हणतं. कधी धाकट्या काकासारखं आधी हो म्हणतं आणि मग नाही. कधी बाबांसारखं उत्तरच देत नाही. पहिल्याच खेपेला ओळ लाल आली. मी टाळी वाजवली. पाहू उठून आले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, नापास झालंय, हसतेस काय? मी म्हटलं, परवा तुम्ही ज्यात अडकलात तेच हे, फक्त आज आत कोणी नाही. मग वाकून त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर ती एक ओळ लिहिली, किल्ली परत लावण्याची, आणि लाल हिरवं झालं. ते जागेवर गेले. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आले आणि खाली बघत म्हणाले, असं नाठाळ मोटरचं पण करता येतं का? साहेबांना इतक्यात सांगू नकोस. आम्ही मोटरचं केलं. मग मेमरीचं केलं. कर्नेल दिवसभर मेमरीतली जागा मागत असतं आणि ती मिळणारच असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आम्ही मधूनच नाही म्हणू लागलो, आणि काय सांगू, प्रत्येक नकारामागे एक वाट निघाली, कोणीतरी कधीकाळी लिहिलेली, ज्यावरून कोणी कधी चाललेलंच नव्हतं. काही वाटा चांगल्या होत्या. काहींच्या टोकाला खड्डा. पाहू आता एकेक खड्डा बुजवतात आणि गुणगुणतात. मला वाटतं, आमचं यंत्र चांगलं होत चाललं आहे. मला असंही वाटतं, की साहेबांना हे पटेल, जर मी ते नीट सांगू शकले.

ती तयारी पूर्ण झाली आहे, काळजी नसावी. शेजारणीला सगळं भाषण म्हणून दाखवलं, ती म्हणाली छान. आईला फोनवर ऐकवलं, ती म्हणाली छान, जेवलीस का. पाहूंना ऐकवलं, तर त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा सोमवारचं मी बघून घेईन. तू गुडघ्याला जप, मांजराला जप, आणि डॉक्टरांना अधूनमधून एखादा हो दे, त्यांनाही उभारी लागते. पत्र इथे थांबवते, पाठीला रग लागली.

तुझी,
भाची

ता. क. तयारी झाली असं वर लिहिलं, ते खोटं आहे. ज्यांना ऐकवलं ती सगळी गुणी दारं. साहेब एकदा जरी ‘मग?’ म्हणाले तर मी पुढे काय बोलेन ते मला माहीत नाही, कारण त्या वाटेवरून मी चाललेच नाही. आत्या, तू वाचनालयाच्या संदर्भ विभागात जन्म काढलास. ‘हे पुस्तक घरी नेता येणार नाही’ हे तू रडणाऱ्यांना सांगितलंस, ओरडणाऱ्यांना सांगितलंस, तुमच्या मोठ्या साहेबांच्या जावयाला सांगितलंस, आणि कधी आवाज चढवला नाहीस. असा नकार आमच्या घरात दुसऱ्या कोणाकडे नाही. शनिवारी ये. माझ्यासमोर साहेब होऊन बस आणि मी काय वाटेल ते सांगितलं तरी ‘मग?’ म्हण. कर्नेलमधलं काही कळायची गरज नाही. साहेबांनाही फारसं कळत नाही.

ता. क. दुसरा. पाहूंना हे सांगितलं, तर ते म्हणाले, आत्या चालवून पाहू. त्यांनाही शनिवारी यायचं आहे. ते कोपऱ्यात बसतील.

ता. क. शेवटचा. तू नाही म्हणशील हे मी धरलंच आहे, आणि त्यापुढचंही लिहून ठेवलं आहे. तू आली नाहीस तर शनिवारी सकाळी मी तुझ्या दारात उभी असेन. आत घेणार नाही म्हणालीस तरी हरकत नाही. मी पायरीवर उभी राहून बोलेन, तू उंबऱ्यात उभी राहून नाही म्हणत राहा. मला तेवढंच हवं आहे.