कानाखालचा व्रण

गुरुवार, संध्याकाळी सात

मनगट अजून ठणकतंय. बरं झालं. मोडलं असतं तरी चाललं असतं.

आज इथे आखातातल्या आमच्या हॉटेलच्या पार्लरला एक परदेशी बाई आल्या. त्यांच्या देशातल्या पहिल्या काळ्या मॉडेल. आता सत्तरीच्या आहेत, मुलींच्या शाळांसाठी फॅशन शो करून पैसे उभे करतात. मेकअप माझ्याकडे होता. हात सवयीनं दोन शेड उजळ फाउंडेशनकडे गेला. इथल्या प्रत्येक नवरीला मी तेच थापते. त्यांनी माझं मनगट असं पिरगळलं की बाटली फरशीवर फुटली.

मग केस मागे घेऊन त्यांनी कानाखालचा व्रण दाखवला. "पहिल्या शोआधी मेकअपवाल्यानं घासलं होतं. रक्त येईपर्यंत. मळ आहे म्हणाला. तू कोणाला घासतेस?"

काय सांगणार? दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्साला जाण्याआधी मी माझ्याच लेकीचं, शेरीनचं तोंड टाचा घासायच्या वजरीनं घासते, गोरी दिसावी म्हणून? गेल्या शुक्रवारी तिच्याही कानाखाली रक्त आलं, ती किंचाळली, तर मी वर थोबाडीत दिली? वसईला आईनं मलाही असंच घासलं होतं. म्हणून काय झालं? ही काय सबब आहे?

घरी आले ती वजरी फेकायला थेट बाथरूममध्ये घुसले. सापडेना. वळून बघते तर शेरीन दारात, वजरी तिच्याच हातात.

"मम्मा, नॉट टुमॉरो. डू इट टुडे ओन्ली. खलास."

वजरी हिसकावून घ्यायला मी हात पुढे केला. पोरीनं डोळे गच्च मिटले, केस मागे घेतले आणि गाल पुढे केला.