मोरांचा शालू

१० नोव्हें., सातारा
उद्या आमच्या मुग्धाच्या लग्नाचा बस्ता, सांगलीत. नवरीचा शालू वरमाईनं घ्यायचा, रीतच आहे. पण आटपाडीच्या विहीणबाई, सुमनताई, यांचा साखरपुड्यातला थाट पाहिल्यापासून धास्ती. हे म्हणाले, तू चहा पी नि गप्प बस. बघू.

११ नोव्हें.
नाही जमलं. सुमनताईंनी भडक राणी कलर उचलला, अंगभर जरीचे मोर. माझ्या तोंडून गेलं, अभिरुची म्हणून काही असतं की नाही! त्यांनी विचारलं, "अभिरुची म्हंजी काय वो ताई?" खरंच विचारत होत्या. आणि मी, शाळेतली बाई, चारचौघांत अर्थ सांगितला: चांगलं काय ते कळणं. "मग तुमीच घ्या," म्हणाल्या. मी दाखवलेल्या मोतिया शालूचे पैसे दिले, पिशवी माझ्या हातात ठेवली, निघून गेल्या.


१४ नोव्हें.
सुमनताई माझा फोन घेत नाहीत. आमच्या होणाऱ्या जावयाला म्हणाल्या, शालू त्यांचा, पोरगी त्यांची, मी मांडवात कशाला येऊ? आईशिवाय तो बोहल्यावर चढणार नाही.
मुग्धा म्हणाली, "अर्थ सांगितलास आई. मोर का घेताय, ते विचारलंस का?"


१७ नोव्हें.
मुग्धा आटपाडीला जाऊन आली. सुमनताईंच्या लग्नात शालू जावेचा होता, उसना. राणी कलर, मोर. अक्षता पडल्या नि जावेनं लगेच सोडून घेतला. तेव्हाच ठरवलेलं, सुनेला असाच घ्यायचा, तिच्या हक्काचा.
लाज वाटली. तरी मोर भडकच वाटतात, हे इथे लिहायला हरकत नाही.

१९ नोव्हें., सांगली
दुकानातच लिहितेय. मोतिया परत केला. मोरांचा अजून होता, बाजूला काढायला लावला. मुग्धाच्या फोनवरून सुमनताईंना म्हटलं, ताई, या, तुमच्या हातानं घ्या.
"तुमाला आवडाय लागला व्हय आता?"
खोटं बोलवेना. "नाही आवडत. पण मुग्धाच्या अंगावर तुमचाच हवा."
 त्यांनी फोन ठेवला.
आटपाडीहून यायला वेळ लागतोच. दुकानदार चहाचं विचारून गेला. दुसऱ्या गिऱ्हाइकानं उचलू नये म्हणून शालू मांडीवर घेऊन बसलेय, दाराकडे बघत.