दौलताबाद घाट, चार मिनिटं

रवि. ९ नोव्हें.
सकाळची नाडी ५६. थंडी सुरू झाली. घाटात सायकलवर चार-चार मिनिटांचे चार इंटरव्हल. पायथ्याच्या टपरीपासून वरच्या वळणावरच्या वडापर्यंत जीव खाऊन, मग सावकाश खाली, टपरीपाशी वहीत आकडे, परत वर. सर्वाधिक १६४. त्रेपन्न वयाच्या मानानं झकास. वही घामानं भिजली, पुढच्या वेळेपासून प्लास्टिकच्या पिशवीत.
छातीला बांधायची, नाडी मोजणारी नवी पट्टी आज वापरली. जुनी दत्ताला दिली. सुनंदानं ऐकवलंच, "माझ्या भावाला तुमच्या घामाची पट्टी व्हय?" मेव्हणा मात्र खूश. त्याच्या मोबाईलला जोडून दिली. सांगितलं, कोरडी असली की ही पट्टी उड्या मारते, मध्येच दोनशेच्या वर दाखवते, लक्ष देऊ नकोस. फेब्रुवारीत आमच्या सायकल ग्रुपची म्हैसमाळ चढाई आहे, त्यात पंचविशीतल्या पोरांना मागं टाकायचं म्हणतोय. वाळूजला दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा माणूस. पण पायात दम आहे, ते कबूल.

मंगळ. १८ नोव्हें.
स.ना. ५५. एकटाच गेलो. आकडे शहाण्यासारखे: १४८, १५५, १५९, १६२. थांबलं की मिनिटभरात तीसनं खाली. संध्याकाळी दत्ताला फोनवर वाचून दाखवले. म्हणाला, "दाजी, तुमचं हृदय सरकारी हाय. वेळेवर येतं, वेळेवर जातं." पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचं दुसरं कसं असणार.

रवि. २३ नोव्हें.
दत्ताबरोबर घाट. तिसऱ्यानंतर टपरीच्या बाकावर दोघं बसलो, पेरू घेतला. पट्टीचा आकडा दाखवणारं हँडलवरचं मीटर झोपी गेलं होतं, बटण दाबून जागं केलं तर २१९. बाकावर बसून! मानेवर बोट ठेवून मोजली, ९६. मग निश्चिंत. पोरांना दरवर्षी सांगतो तेच: रीडिंग विचित्र आलं की आधी उपकरण तपासा, निसर्गाला मागाहून नावं ठेवा. पट्टीची बॅटरी बदलायची.
दत्ता शेजारी ढेकर देत होता. रिकाम्या पोटी चहा पिऊन आला होता.

रवि. ३० नोव्हें.
नवी बॅटरी. तोच बाक, तशीच मीटर जागं करायची वेळ, २१४. सलग अर्धा मिनिट २१४, मग धाडकन १२०. मानेवर बोट ठेवलं पण बोटं गारठलेली, मोजताच येईना. की भीतीनं? खरं सांगायचं तर भीतीनं. छातीत खरंच फडफडतंय असं वाटायला लागलं. सायकल हातात धरून अर्धा किलोमीटर चालत आलो. दत्ता सोबत चालला, सारखा विचारत होता, "दाजी, पाणी देऊ का? बसता का?" लई जीव लावतो.

गुरु. ४ डिसें.
स्ट्रेस टेस्ट. फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी. डॉक्टर तरुण आहेत, पण बोलायला बरे. "तुमचं हृदय चाळिशीतलं आहे. काही नाही." सुनंदानं गणपतीला नारळ फोडला, वर मला म्हणाली, "आता तरी ते आकडे बघणं सोडा."
रात्री झोप छान लागली. पण मग २१४ कुणी दाखवलं?

रवि. १४ डिसें.
दत्ता सोबत. दुसऱ्यानंतर बाकावर २१६. पंचवीस सेकंद. या वेळी मला काहीच वाटलं नाही, ना भीती ना फडफड. उपकरणच. दुकानदाराला दाखवायचं. चारही चढांत मिळून दत्तानं मला दोन मिनिटं मागं टाकलं आज. पण खाली येऊन बसला तो वाकूनच. घाम कपाळावर, थंडीत. मी विचारलं तर हातानंच "काय नाय" असं केलं.

रवि. २१ डिसें.
घाटावरून येताना दत्ता घरी आला. मी पट्टी साबणानं धुऊन गॅलरीत तारेवर वाळत घातली, अंघोळ करून आलो, आकडे उतरवायला मीटर सुरू केलं. १०४.
माझी पट्टी तारेवर. मीटर टेबलावर. १०४, १०३, १०३.
दत्ता सोफ्यावर पोहे खात होता, घामेजल्या कपड्यांतच, पट्टी अजून छातीवर. हात धुवायला उठला, ११२. बसला, १०५.
जुनी पट्टी मीटरच्या लक्षात तशीच राहिलेली. मी काढलीच नव्हती. झोपेतून उठलं की जी पट्टी आधी सापडेल ती पकडतं. दत्ता गेल्यावर वहीची पानं उलटली. २१९, २१४, २१६. तिन्ही वेळा रविवार, तिन्ही वेळा दत्ता बाकावर माझ्या शेजारी. एकट्यानं गेलो तेव्हा कधीच नाही.
तपासणी करून आलो मी. हृदय त्याचं.

सोम. २२ डिसें.
आकड्यांचे आलेख छापून डॉक्टरांकडे. एकच नजर टाकली आणि म्हणाले, "हे तुमचं नाही." मी म्हणालो, नाही. "ज्याचं आहे त्याला उद्याच घेऊन या. पट्टीवरून निदान होत नाही, नीट बघावं लागेल. पण तोवर सायकल बंद. घाट तर अजिबात नाही." मी विचारलं, पट्टीचा दोष असू शकेल ना? "असू शकेल. तसंच निघो."
त्यांचा "तसंच निघो" घरापर्यंत कानात.

मंगळ. २३ डिसें.
पाळी सुटल्यावर दत्ताला कंपनीच्या गेटवर गाठलं. सगळं सांगितलं. तो हसला.
"दाजी, तुमीच म्हणले होते ना, पट्टी उड्या मारती म्हणून?"
मीच म्हणालो होतो. त्याच्या मोबाईलवरही तेच आकडे रोज दिसत होते, आणि माझा शब्द म्हणून तो दुर्लक्ष करत होता.
"छातीत काही होतं का?"
"फडफड होती जराशी. ढेकर दिला की जाती. पित्त हाय ते."
"उद्या डॉक्टरकडे चल."
मग हसणं गेलं. "कंपनीचं मेडिकल एप्रिलात हाय. कागदावर एकदा हार्ट लिहिलं की क्रेनवरून खाली. मग काय, वॉचमन होऊन गेटवर गाड्यांच्या पाट्या वाचत बसू? चढाई होऊन जाऊ द्या, मग तुमी म्हणाल तिथं येतो. आन् अक्काला सांगायचं नाय. माझी शपथ हाय तुमाला."
घरी सुनंदानं विचारलं, उशीर का? कॉलेजात काम होतं म्हणालो. खोटं बोलायची सवय नाही, चष्मा पुसत बोललो.

रवि. २८ डिसें.
स.ना. ६३. झोप नाही.
मी नाही गेलो तर तो एकटा जाणार, म्हणून गेलो. माझी पट्टी घरीच ठेवली. मीटरला त्याचीच पट्टी पकडू दिली आणि त्याच्या मागं मागं. त्याचं हृदय माझ्या हँडलवर. दहा-पंधरा मीटर पुढं गेला की आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. त्या दिसल्या की मी उभं राहून पायडल मारायचो. इतका जोर मी स्वतःसाठी कधी लावला नाही.
तिसऱ्याला वडाच्या अलीकडे १७१, आणि पुढच्या क्षणी २२१. ओरडलो, "दत्ता, थांब!" थांबला. हँडलवर वाकला, ओठ पांढरे. मी आकडा बघत होतो. चाळीस सेकंद २२१. मग त्यानं ढेकर दिला आणि १३८.
"बघा, गेलं." वर डोळा मारला.
सायकल काढून घेऊ का त्याची? पोर आहे का तो, शेहेचाळिसावं लागलंय.

गुरु. ८ जाने.
गंगापूर. सासऱ्यांची तिथी. पान वाढून झालं, कावळा लवकर शिवला, सगळे समाधानानं जेवायला बसले. सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही, सुनंदा चौदाची असताना गेले. भिंतीवरच्या फोटोत हुबेहूब दत्ता.
चुलतसासरे पंगतीत सांगत होते, दरवर्षी सांगतात तेच. "दादा माझ्या म्होरं चालत होता. कापसाचं गाठोडं डोक्यावर. म्हणला, छातीत पाखरू शिरल्यावाणी झालं. आन् बसला तो बसलाच. ऊन लागलं."
वीस वर्षं हे ऐकतोय. आज घास हातात राहिला. बाहेर अंगणात सगळे शाली पांघरून बसलेले. पौषात कसलं ऊन?
"किती वय होतं हो त्यांचं?" मी विचारलं.
"शेहेचाळीस."
दत्ता समोर वाढत होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि भाजीचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

शुक्र. ९ जाने.
शपथ मोडली. सुनंदाला वही दिली, म्हटलं वाच. तिनं गॅलरीत उभं राहून सगळी वाचली. मला वाटलं रडेल. रडली नाही.
"अठरा दिवस तुमाला माहीत होतं. अठरा दिवस माझ्या हातचं जेवले आन् गप बसले."
मग दत्ताला फोन. दार लावून. नुसता आवाज चढलेला कळत होता, शेवटी "दादासारखं करू नको रे" एवढंच ऐकू आलं. वडिलांना हे दोघं दादाच म्हणायचे. सोमवारी अकराची वेळ घेतलीय. तो हो म्हणालाय. माझ्याशी ती बोलत नाही, आणि तिचं चुकत नाही.

शनि. १० जाने.
सकाळी दत्ताचा फोन. रागावला नव्हता, तेच जास्त लागलं. "सोमवारी येतोच दाजी. अक्काला शब्द दिलाय. पण सोमवारनंतर मला कुणी घाटात सोडणार नाय. उद्या एकदा जाऊन येतो." नको म्हणालो, ओरडलो, हात जोडले फोनवर. "येताव का एकटा जाऊ?"
सुनंदाला सांगितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "जा तुमी. तो माझं ऐकायचा नाय. त्याच्यासंगं राहा."

रवि. ११ जाने. टपरीवर.
इथंच बसून लिहितोय. दत्तानं पट्टी घातलेली नाही. जर्सीची चेन खाली ओढून छाती दाखवली. "पट्टी असली की तुमी तिच्याकडं बघता, माझ्याकडं नाय." मला मागं येऊ देत नाही. मी पहिल्या चढाला निघालो तर तो पाय टेकून उभाच. दहा मिनिटं आम्ही तसेच. शेवटी ठरलं: मी खाली घड्याळ धरायचं, तो हळू मारणार, चार इंटरव्हल, पाचवा नाही.
१ला. वर ४:४०, वडापासची वेळ तो त्याच्या घड्याळात बघून सांगतो. गप्पा मारता येतील इतका हळू. उतरून पाणी प्यायला.
२रा. ४:३१. हसत आला. बरा दिसतोय. म्हणाला, "वडापाशी धुकं हाय अजून."
सुनंदाचा फोन. दोन झाले म्हणालो. गणपतीला नारळ बोलली.
३रा. ४:०२. हे हळू नव्हे. मी बोललो तर कानावर हात. सायकलवरून उतरलाच नाही, टपरीला वळसा घालून तसाच परत वर. जाताना ढेकर दिल्याचा आवाज आला का? पेरूवाली पेरू कापत होती, नीट कळलं नाही.
४था. निघाला ७:४१ ला. चार मिनिटं वर, तीन खाली. ७:४८ ला दिसायला हवा.
७:५१. पेरूवाली म्हणते, ट्रक अडला असंल वर, रोज अडतो.
७:५४. वरून एक रिक्षा आली. विचारलं, सायकलवाला दिसला का? त्यानं नीट ऐकलं नाही, गेला.
७:५६. पहिला विचार काय आला, तर आपलं घड्याळ पुढं गेलं असेल. मोबाईलशी जुळवून पाहिलं.
घड्याळ बरोबर आहे. वही ठेवतो, वर जातो.